वसईचा तिसरा तह

वसईत इतिहास शिकवणाऱ्या मास्तराची एक कायमची पंचाईत असते. धडा असतो 'वसईचा तह', आणि पहिल्या बाकावरचं एखादं आगाऊ कार्टं हात वर करून विचारतं, "सर, कुठला?"

कार्ट्याचं चुकत नाही. वसईचे तह दोन. पहिला डिसेंबर १५३४ चा. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्या अंमलाखालचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला तो. दुसरा ३१ डिसेंबर १८०२ चा. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केला तो. हे दोन्ही तह मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत असे आणि दोहोंच्या खाली कारण मात्र एकच देत असे: सही करणारा घाईत होता. बहादूरशहाला हुमायूनची धास्ती, बाजीरावाला यशवंतराव होळकरांची. मागे कोणी लागलेलं असलं की माणूस कलमं वाचत बसत नाही. कुठं सही करायची तेवढं विचारतो.

एकतीस वर्षं मी हे शिकवलं. बाजीरावाच्या तहाशी आलो की माझा आवाज आपोआप चढायचा. "इंग्रजांचं सहा हजारांचं पायदळ पोसायचं! त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा! आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलणंसुद्धा लावायचं नाही! मुलांनो, वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका!" असं म्हणून मी टेबलावर डस्टर आपटत असे. खडूचा धुरळा उडे, पहिला बाक शिंके आणि धडा संपे.

अशा ह्या मास्तराने वसईचा तिसरा तह केला. तो अजून कुठल्या पाठ्यपुस्तकात आलेला नाही. २००६ साली पाचूबंदरात, आमच्या ओटीवर, रात्री साडेदहाच्या सुमाराला तो झाला. कलमं इंग्रजीत होती. बोटभर लांबीच्या चौकटीत ती मुंग्यांसारखी खाली खाली चालली होती. शेवटी एक बटण होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'आय ॲग्री'. मी दाबलं. मागे ना हुमायून लागला होता ना होळकर. सौ. फक्त पानं वाढून हाका मारत होती.

पण हे जरा पुढचं झालं. इतिहास सनावळीनेच सांगावा.

पाचूबंदर म्हणजे वसईच्या किल्ल्याला पाठ टेकून बसलेली कोळ्यांची वस्ती. नावात पाचू आहे म्हणून कोणी रत्नांच्या आशेने येऊ नये. इथं उन्हात चकाकतात ते बांबूंवर ओळीने वाळत घातलेले बोंबील. माझे वडीलही मास्तरच. नोकरीच्या निमित्ताने इथं आले, दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि पुढे आम्ही इथलेच झालो. समुद्र इतका जवळ की भरतीच्या रात्री तो आपल्याच घरात घोरतो आहे असं वाटतं. ह्या समुद्राचे लोक गोडवे गातात. त्यांच्या घरी कॉम्प्युटर नसावा.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला १९९९ साली. त्याच्या चार वर्षं आधी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमाने आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट खुलं केलं होतं. मुहूर्त स्वातंत्र्यदिनाचा होता. आमचे चिरंजीव तेव्हा अकरावीत. 'कॉम्प्युटर नसेल तर करिअर नाही' ह्या त्यांच्या सिद्धांतापुढे माझा प्रॉव्हिडंट फंड शरण गेला. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग जोडलेला एक कॉम्प्युटर आम्ही बापलेकांनी दुपारच्या विरार लोकलने आणला. मॉनिटर माझ्या मांडीवर होता. समोरच्या गृहस्थांनी नालासोपाऱ्याला उतरणार का म्हणून विचारलं ते मला नव्हे, मॉनिटरच्या जागेला. पुढे एस.टी.त कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं. "तीन ते बारा वर्षांच्या आतला दिसतो," म्हणाला.

ते साल संपता संपता एक नवीनच धास्ती आली. कॉम्प्युटर लोक सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत आले होते, त्यामुळे २००० साल उजाडलं की यंत्रांना ते १९०० वाटेल, बँका बुडतील, विमानं पडतील, असं छापून येत होतं. ३१ डिसेंबर ही तारीख वसईला मुळातच धार्जिणी नाही. त्या रात्री मी कॉम्प्युटरची वायर काढली, वर सौ.चा जुना पातळ पांघरला आणि उशाशी टॉर्च घेऊन झोपलो. सकाळी सगळं होतं तसंच होतं. पातळाखाली मांजर व्याली होती.

खरा शत्रू निघाला तो खारा वारा. किनाऱ्यावर लोखंड वाचत नाही. सायकल वाचत नाही, खिडकीचे गज वाचत नाहीत, मग कॉम्प्युटरच्या पोटातल्या सोनेरी दातांची काय कथा! दर दोन-तीन महिन्यांनी तो रुसायचा. पंखा फिरे, दिवा लागे, पडदा मात्र काळा, आणि आतून एखादं पिल्लू चिरडल्यासारखी 'पीं, पीं, पीं' अशी हाक. दुरुस्तीवाला वसई स्टेशनाहून यायचा. तो येई, पेटी उघडी, आतली हिरवी पट्टी उपटी आणि खिशातून खोडरबर काढून तिचे दात घासून देई. ह्या पट्टीला रॅम म्हणतात हे मला तेव्हा कळलं. पट्टी परत बसवली की कॉम्प्युटर हसत उठे आणि दुरुस्तीवाला दीडशे रुपये घेऊन जाई.

तिसऱ्या खेपेला माझ्यातला मास्तर जागा झाला. खोडरबर? अरे, जन्म गेला माझा खोडरबरात! त्या दिवसापासून मी स्वतः पेटी उघडू लागलो. हळूहळू गल्लीत बातमी पसरली, आणि दोन-चार वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आले त्यांच्याकडे रात्रीबेरात्री मला बोलावणी येऊ लागली. मी कंपासपेटीतून खोडरबर घेऊन निघे तेव्हा सुईणीला पाहून सरकतात तशी माणसं बाजूला सरकत.

दुसरा कॉम्प्युटर २००४ सालचा. त्याची व्यथा वेगळी. आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, तिच्यावर त्याचं घड्याळ चालतं. ती खाऱ्या हवेने लवकर उतरली आणि रोज सकाळी डोळे उघडले की तो १ जानेवारी २००२ ही तारीख सांगू लागला. इतिहासाच्या मास्तराच्या घरी राहून त्याला भूतकाळाची ओढ लागली असेल असं मी समजुतीने घेतलं. पण तारीख चुकली की इंटरनेटवरची निम्मी दारं त्याला उघडत नसत. एक-दोन महिने मी रोज चहाच्या आधी त्याला चालू सालात आणून बसवायचो. बॅटरी पंचवीस-तीस रुपयांना मिळते हे कळल्यावर सौ.ने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर इतिहासजमा झालेली नाही.

चिरंजीव तोवर पुण्याला नोकरीला गेले होते. फोन केला की पलीकडून एकच प्रश्न यायचा, "बाबा, रीस्टार्ट केलंत का?" आणि गंमत म्हणजे शंभरातल्या सत्तर दुखण्यांवर हा उतारा खरोखर लागू पडे. ही सोय इतिहासात असती तर पानिपतला किती बरं झालं असतं, असं मला अनेकदा वाटलं आहे.

त्यांनीच मला ऑर्कुटवर ओढलं. २००४ च्या जानेवारीत गूगलमधल्या एका तुर्की तरुणाने हे प्रकरण सुरू केलं आणि त्याला आपलंच नाव दिलं, ऑर्कुट. आधी त्यात आमंत्रणाशिवाय प्रवेश नसे. लग्नाला येतो तसा आहेर-अक्षतांचा निरोप आला, मी गेलो, आणि मघाशी सांगितलं तसा तह करून बसलो. मग फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: 'ज्यांच्यावाचून मी जगू शकत नाही अशा पाच गोष्टी.' मी प्रामाणिकपणे चहा, वर्तमानपत्र, चष्मा, अंथरूण आणि सुकट अशा पाच लिहिल्या. सौ. मागे उभी आहे हे मला सहावी लिहायला जागा उरली नाही तेव्हा कळलं.

ऑर्कुट जगात सगळ्यात जोरात चाललं ते दोन देशांत, ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे. आता ब्राझीलची भाषा कोणती? पोर्तुगीज! १५३४ पासून १७३९ पर्यंत, दोनशे पाच वर्षं, जे पोर्तुगीज आमच्या उशाशी किल्ल्यात राहिले, ज्यांना चिमाजी अप्पांनी सेबॅस्टियन बुरुजाला सुरुंग लावून काढलं, ते तेहतीस कमी तीनशे वर्षांनी कॉम्प्युटरच्या वाटेने परत आले. कुठल्याही चर्चामंडळात जावं तर 'ओब्रिगादो', 'बोआ नोइत' सुरू. बाकीचे भारतीय लोक वैतागले होते म्हणतात. मला मात्र कुठंतरी घरचं वाटलं. पाव, बटाटा, चावी, साबण आणि पगार हे शब्द ज्यांनी दिले त्यांच्याशी फार काळ भांडण धरवत नाही. विशेषतः पगार.

आणि इथंच बायचा प्रवेश होतो.

बाय आमच्या शेजारची. सबंध गल्ली तिला बायच म्हणते. माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठी. नवरा नाखवा होता, तो गेल्यावर तिने सुक्या मासळीच्या धंद्यावर घर चालवलं. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करते, मामलेदारालाही. तिचा धाकटा मुलगा मालवाहू जहाजावर बोसन होता. बंदराला लागला की फोन करायचा, पण फोनवर बाय बोलायचीच नाही. "बरी हाय, ठेव, बिल चढतंय," एवढं ओरडून ती फोन खाली ठेवी आणि मग सबंध दिवस जे सांगायचं राहिलं ते आमच्या सौ.ला सांगत बसे. एकदा त्या पोराने ब्राझीलच्या सँतोस बंदरातून, खलाशांच्या क्लबातल्या कॉम्प्युटरवरून, मला ऑर्कुटवर शोधून काढलं. तिथली पोरं दिवसरात्र त्यातच बसलेली असतात म्हणे. 'मास्तर, आईला सांगा मी बरा आहे,' असं त्याने लिहिलं. मी जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळाची घंटा झाली (वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतात) आणि बाय पदर खोचून आमच्या ओटीवर हजर. "मास्तर, तुजा टीवी लाव. पोराला लिवायचा हाय."

लिहिताना पैसे पडत नाहीत हे कळल्यावर तिचा बांध फुटला. ती सांगायची, मी लिहायचो. आधी तर मराठी अक्षरंच उमटत नव्हती. नुसते चौकोन. मग कंट्रोल पॅनेल नावाच्या तळघरात उतरून, सीडी घालून, भारतीय भाषांची खूण करावी लागली, तेव्हा कुठं चौकोनांची अक्षरं झाली. तरी वेलांटी अक्षराच्या मागे पळायची. बाय म्हणे, "काय लिवलास ता वाच." मी वाचे. त्यात पापलेटचा भाव असे, कोणाची होडी कधी ओढली ते असे, थोरलीच्या पोरीला आलेलं स्थळ आणि त्या स्थळाच्या आईचा स्वभाव असे. हा स्वभाव बायने फार मोकळेपणाने वर्णन केला होता.

आता ऑर्कुटची ह्या निरोपांची वही, स्क्रॅपबुक, ही सार्वजनिक मालमत्ता होती. कोणीही यावं, कोणाचीही उघडावी, वाचावी. तशी अट त्या मुंग्यांच्या रांगेत कुठंतरी असणार. मला ते कळलं स्थळाकडचा चुलतभाऊ दारात येऊन उभा राहिला तेव्हा. सोयरीक मोडता मोडता वाचली. बाय मात्र मुळीच वरमली नाही. "वाचला ना? बरा झाला. तोंडावर सांगायचा वाचला," म्हणाली.

तिची अडचण वेगळी होती. पडद्यावरचं तिला खरं वाटत नसे. दिवा घालवला की अक्षरं जातात, त्याला पत्र कसं म्हणायचं? "कागद दे," ती म्हणे. पोराचा निरोप आला की तो कागदावर उतरवून तिच्या हाती द्यावा लागे. ती वाचू शकत नव्हती, पण कागद हवा. शाळेने मोडीत काढलेला एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मी तीनशे रुपयांना घेतला होता. तो टर्र टर्र करत मराठीच्या चार ओळी काढायला जेवढा वेळ घेई तेवढ्यात सौ.ची पोळी होऊन जाई. रिबनचा खर्च, कागदाचा खर्च, आणि वर त्या आवाजाने जागे होणारे शेजारी. मी कुरकुरत असे. बाय कागद चौघडी घालून कमरेला खोचे आणि घरी जाई. तिची ट्रंक होती. त्यात ते जात.

सप्टेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात सोमाली चाच्यांनी स्टोल्ट व्हॅलर नावाचं जहाज पळवलं. बावीस खलाशांपैकी अठरा आपले. वर्तमानपत्रांत, टीव्हीवर रोज तेच. ते लोक सुटले नोव्हेंबरात. बायचा पोर त्या जहाजावर नव्हता, पण ऑक्टोबरात त्याचं जहाज त्याच पाण्यातून सुएझकडे जायचं होतं. आणि त्याचा निरोप यायचा थांबला.

बाय रोज येई. समुद्रावरच्या माणसाची वाट बघायची तिला सवय होती. त्या सवयीत बोलणं बसत नाही. ती ओटीवर भिंतीला टेकून बसे, मी पान उघडून 'नाही' म्हणे, ती उठून जाई. असे दहा-बारा दिवस गेले. आणि तेराव्या दिवशी आमचा कॉम्प्युटर मेला.

पडदा काळा. पीं, पीं, पीं. मी खोडरबर काढलं. घासलं, बसवलं, पीं. पुन्हा घासलं. चार वेळा काढलं, चार वेळा बसवलं. पुण्याला फोन केला. "रीस्टार्ट..." एवढं ऐकून मी तो ठेवला. वीज गेली, आली, पुन्हा गेली. दुरुस्तीवाला गावी गेलेला. स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत जावं तर रात्रीचे नऊ वाजून गेलेले. इतकी वर्षं गल्लीभर वैदू म्हणून मिरवणारा मी घामाघूम होऊन त्या उघड्या पेटीसमोर बसलो होतो, आणि माझ्या पाठीमागे एक म्हातारी गप्प बसली होती. तिने एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

शेवटी ती उठली, कंदिलासारखा टॉर्च धरून पेटीत वाकली आणि बोट दाखवून म्हणाली, "या फटीच्या बाजूला तशीच दुसरी फट हाय ना?"

होती. रिकामी.

"मग या बंदराला लागत नाय तर त्या बंदराला लाव."

मी पट्टी दुसऱ्या खोबणीत बसवली. कॉम्प्युटर उठला. पहिल्या खोबणीत मीठ धरलं होतं. हे मला पुढे दुरुस्तीवाल्याने सांगितलं आणि त्याचे दोनशे रुपये घेतले.

ऑर्कुट उघडलं. एक पांढरं पान आलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'बॅड, बॅड सर्व्हर. नो डोनट फॉर यू.' त्यांचं यंत्र थकलं की ते असा विनोद करत.

"काय लिवलाय?" बायने विचारलं. तिचा आवाज वेगळा लागला.

"लिहिलंय की... डोनट मिळणार नाही."

"ता काय?"

"गोड असतो. मध्ये भोक असलेला. मेदुवड्यासारखा."

"मास्तर," बाय म्हणाली, "पोर कुठं हाय ता बग."

बाराव्या की तेराव्या खेपेला पान उघडलं. निरोप आदल्याच दिवशी आलेला होता. 'सुएझ ओलांडलं. पोर्ट सईदला आहे. बरा आहे. नाताळाला जमणार नाही, ईस्टरला येतो.' मी वाचला. सौ. आतून हात पुसत आली होती, तिने पुन्हा वाचायला लावला. बाय काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "छाप."

त्या रात्री प्रिंटरच्या टरटरीवर कोणा शेजाऱ्याने तक्रार केली नाही. उलट दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले.

पुढची पंधरा वर्षं भराभर गेली. माणसं ऑर्कुटवरून उठून फेसबुकवर जाऊन बसली, तिथून व्हॉट्सॲपवर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि जवळा निवडणाऱ्या बायकांच्या टोपलीशेजारीसुद्धा मोबाइल उभा राहिला. बायचा पोर जहाजातून तिला तोंड दाखवू लागला. मास्तराची गरज संपली. मला आमच्या गल्लीच्या ग्रुपात घेतलं, तिथं रोज पहाटे चाळीस सूर्योदय उगवतात. आमचा खरा सूर्य किल्ल्यामागून उगवतो, तो बघायला कोणाला वेळ नसतो.

आणि ऑर्कुट बंद झालं. ३० सप्टेंबर २०१४. मला ते कळलं ते निवृत्तीनंतर, २०१७ मध्ये, पाचूबंदरच्या जुन्या पत्रव्यवहारावर काही लिहावं असं मनात आलं तेव्हा. म्हटलं, आपल्याकडे तर अस्सल साधनं आहेत! आठ वर्षांचा दर्यावरचा पत्रव्यवहार, तारीखवार! चिरंजीवांना फोन केला. ते म्हणाले, "बाबा, बंद झालं ते. आपलं आपलं उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती." दोन वर्षांची मुदत! पोर्तुगीजांना शरणागतीनंतर किल्ला सोडायला जेमतेम आठवडा मिळाला होता, तरी ते सामानसुमान घेऊन गेले. मी दोन वर्षांत एक फाइल हलवली नाही. किल्ल्याच्या भिंतींवर नावं कोरणाऱ्या पोरांना ज्याने तीस वर्षं छड्या मारल्या, त्याने आपल्याच गावाचं दप्तर बुडू दिलं. आणि ओरडायची सोय नाही, कारण तसं होऊ शकतं हे त्या मुंग्यांच्या रांगेत लिहिलेलं असणारच. मी मान्य केलं होतं.

त्यानंतर मला त्या बटणाची धडकी भरली. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने नवी कलमं पाठवली. आधी ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा म्हणाले, मग गवगवा झाल्यावर १५ मेपर्यंत. वसई पडली तीही मे महिन्यातच. मी ठरवलं, ह्या खेपेला अक्षरन् अक्षर वाचायचं. चष्मा पुसून बसलो. अर्ध्या तासाने सौ.ने पाहिलं तर मी झोपलेलो होतो आणि झोपेत अंगठा कुठंतरी टेकला होता.

तिलाच सुचलं. "अहो, ते ऑर्कुटचं म्हणत होतात ना? बायच्या ट्रंकेत बघितलंत का?"

मी कपाळाला हात लावला. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसईच्या देवळांमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून उचलून नेल्या, म्हणून त्यांतली एक आज नाशिकला नारोशंकराच्या मंदिरावर आहे, एक वाईजवळ मेणवलीला. मुलांना मी हे दरवर्षी सांगत असे. कमरेला खोचून नेलेले कागद मात्र मला आठवले नाहीत.

बाय आता पंच्याऐंशीची. ट्रंक तिच्या खाटेखालीच होती. झाकण उघडलं तर सुक्या बोंबलाचा वास आधी आला आणि मग कागद दिसले. दोरीने बांधलेला गठ्ठा, चांगला वीतभर. मधल्या काळात मी शाईचा नवा प्रिंटर घेतला होता, त्यावरचे कागद दमट हवेने विरघळून नुसते निळे-गुलाबी ढग झाले होते. त्या टरटऱ्या प्रिंटरचे मात्र अक्षर न् अक्षर शाबूत. मी हात पुढे केला. बायने झाकण पाडलं.

"कुटं नेतोस?"

मी समजावून सांगितलं. इतिहास, साधनं, जतन. तिने ऐकून घेतलं. मग तिने अटी सांगितल्या. एक, कागद ह्या घराबाहेर जाणार नाहीत. दोन, रोज संध्याकाळी देवळाच्या घंटेनंतर मी यायचं आणि एकेक कागद मोठ्याने वाचायचा, कारण तिला ते अजून कोणी धड वाचून दाखवलेलेच नाहीत. मी तेव्हा घाईत असायचो. तीन, तिला विचारल्याशिवाय त्यातलं दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही. (वर जे आलं आहे ते तिला विचारून.) आणि चार, तेवढ्या दिवसांचा चहा-साखर माझ्या घरची.

फौजेचा खर्च आणि तिसऱ्याशी बोलायची बंदी! मी तिला सगळी कलमं पुन्हा म्हणायला लावली. चौथ्यावर थोडी घासाघीस करून पाहिली. साखर माझी, पत्ती तिची, असं सुचवलं. ती मासळीबाजारात साठ वर्षं बसलेली बाई. हलली नाही.

"मान्य आहे," मी म्हटलं.

"मग चष्मा लाव," बाय म्हणाली आणि गठ्ठ्याची दोरी सोडू लागली.